पेसमेकर बसवल्यावर त्याचा विसर कधी पडतो?

विंडोसीट (मंगळवार, रात्री १२.२०)

नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. चूकभूल द्यावी घ्यावी.

वय ५३, राहणार मुलुंड, नोकरी फोर्टात. मे महिन्यात दादरच्या पुलावर भोवळ येऊन पडलो. त्याआधी महिनाभर जिने चढताना धाप लागत होती, ती मी उकाड्याच्या नावावर खपवली. पुलावरच्या एका फुलवालीने तोंडावर पाणी मारलं, दोन पोरांनी उचलून टॅक्सीत घातलं. हॉस्पिटलात नाडी ३४ भरली. कम्प्लीट हार्ट ब्लॉक. त्या रात्री मांडीतून तात्पुरती वायर आणि दुसऱ्या दिवशी डाव्या खांद्याखाली कायमची डबी. दोन वायरवाली.

आता नऊ आठवडे झालेत. जखम भरली, घेरी गेली, जिने चढतो. शरीराची तक्रार फारशी नाही.

पण रात्री ऑक्सिमीटर लावून बसतो. कोविडात घेतलेला, कपाटात पडून होता. तो नाडी ६० दाखवतो. तासाभराने लावला तरी ६०. पहाटे तीनला उठून लावला तरी ६०. एकसष्ट नाही, एकोणसाठ नाही. घरचे म्हणतात, छान आहे की! मला त्या साठचीच भीती वाटते. माणसाचा ठोका असा घड्याळासारखा असतो का? डाव्या कुशीवर वळलं की उशीत ठोके ऐकू येतात आणि वाटतं, हे माझे नाहीत.

घरी तळहातावरच्या फोडासारखं जपतात. भाजीची पिशवी उचलली की ओरडा. ऑफिसात डबा खाताना मी आलो की विषय बदलतात.

ज्यांना बसवून वर्षं झाली त्यांना विचारायचंय: ते आत आहे याचा विसर कधी पडला? पडतो का?

कटिंग_प्लीज

काका, काळजी घ्या. मी चहा घेऊन बसलोय, जाणकार येतीलच.

सदाफुली

विंडोसीट, तुमचं साठ वाचून हसूही आलं आणि पोटात कालवलंही. मला सहा वर्षं झाली.

तुम्हाला शर्टाच्या आत सगळं झाकता येतं हो. आमचा पदर डाव्या खांद्यावर, पिन तिथेच, आणि आतली पट्टी नेमकी डबीच्या कडेवरून. पहिले तीन महिने मी गाऊन सोडून काही घातलं नाही. बाहेर जायचंच झालं तर पट्टीखाली जुन्या सुती साडीच्या तुकड्याची चौकोनी घडी ठेवायची. मग नणंदेने सुचवलं, गुजराथी पद्धतीने उजव्या खांद्यावर पदर घे. घेतला. चैत्रातल्या हळदीकुंकवाला गेले तर एकेक जण विचारते, काय गं, सून गुजराथी केलीस की काय?

हाताचं म्हणाल तर आमच्याकडे कपडे वाळत घालायच्या दांड्या छताला, काठीने वर टाकायचे. सहा आठवडे डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही म्हणून सांगितलेलं. मी तो इतका सांभाळला, इतका सांभाळला की खांदाच आखडला. डॉक्टर वैतागले. म्हणाले, वर नेऊ नका म्हटलं होतं, हात हलवूच नका असं कुठे म्हटलं? मग दोन महिने भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम. तेव्हा तुम्ही अजून हात अंगाशी धरून चालत असाल तर सोडा आता, नऊ आठवडे खूप झाले.

विसर कधी पडला ते नेमकं सांगते. चौथ्या महिन्यात आंब्याच्या पेटीवरून जावेशी भांडण झालं. चांगलं तासभर. रात्री झोपताना लक्षात आलं की दिवसभरात एकदाही हात तिकडे गेला नव्हता.

कटिंग_प्लीज

म्हणजे औषध सापडलं. काका, एखादी जाऊ शोधा.

रिकामी_ओपीडी

(नाव हे स्वप्न आहे. पालिकेच्या हॉस्पिटलात काम करतो.)

विंडोसीट, मी तुमचा डॉक्टर नाही, धाग्यावरून कळतं तेवढंच सांगतो. 'हे ठोके माझे नाहीत' हे तुमच्या बाबतीत बऱ्यापैकी चुकीचं आहे.

ठोक्याचा हुकूम हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यातल्या सायनस नोडमधून सुटतो. तो हुकूम तुम्ही अजूनही स्वतःच देताय. खराब झालाय तो निरोप खालच्या कप्प्यांकडे नेणारा रस्ता, हाच तुमचा ब्लॉक. दोन वायरवाल्या मशीनची वरची वायर तुमचा हुकूम ऐकते आणि खालची तो पोचवते, बस. आता एक करा. मुलुंडचा पूल चढून या आणि मग नाडी मोजा. नव्वदच्या वर गेलेली असेल. ती मशीनने ठरवलेली नाही, तुमच्या हृदयाने ठरवलेली आहे.

झोपेत चांगल्या माणसाची नाडीही पन्नाशीत येते. तिथे मशीन आडवं येतं: साठच्या खाली जाऊ देणार नाही. म्हणून रात्री तुम्हाला सारखं साठ दिसतं. काही मशीनमध्ये झोपेच्या तासांपुरती ही पातळी खाली ठेवायची सोय असते, पुढच्या तपासणीत विचारा. पण फक्त आकडा आवडत नाही म्हणून नको.

ऑक्सिमीटर कपाटात ठेवा. पेसमेकरच्या माणसाला रोज रात्री नाडी मोजायची काही गरज नसते.

आणि हे सर्वांसाठी: डबीवरची कातडी लाल झाली, सुजली, गरम लागली, पाणी आलं किंवा ताप आला तर त्याच दिवशी दाखवा. घरी हळद लावत बसू नका. पोटात किंवा बरगडीखाली उचकीसारखं एका लयीत उडत असेल तर तेही सांगा, बरेचदा सेटिंग बदलून ते थांबतं.

कटिंग_प्लीज

थोडक्यात, साहेब तेच, शिपाई बदलला.

विंडोसीट

डॉक्टर, हे असं कोणी सांगितलंच नव्हतं. डिस्चार्जच्या वेळी एक कार्ड हातात दिलं, हे कायम जवळ ठेवा म्हणाले, आणि आता नॉर्मल लाइफ जगा. लिफ्टपर्यंत जाईस्तोवर मी विचार करत होतो की म्हणजे नक्की कसं.

पूल चढून आलो. ९६.

कडूकिराईत

सगळं गोडगोड चाललंय म्हणून दुसरी बाजू मांडतो. माझ्या वडिलांना ७९ व्या वर्षी एका मोठ्या खासगी हॉस्पिटलात बसवला. रात्री दहाला सांगितलं नाडी ४२, सकाळपर्यंत पैसे भरा. आम्ही घाबरून भरले. महिन्याने आमच्या जुन्या फॅमिली डॉक्टरांनी औषधांची पिशवी उलटी केली. बीपीसाठी बीटा ब्लॉकर चालू होता, वर काचबिंदूसाठी टिमोलॉलचे थेंब. दोन्ही नाडी मंद करतात. डोळ्याच्या थेंबांनी हृदयावर परिणाम होतो हे आम्हाला काय ठाऊक! आधी ती औषधं थांबवून दोन दिवस बघता आलं नसतं का?

वडील ठणठणीत आहेत. पण मला अजून ती डबी दिसली की राग येतो.

रिकामी_ओपीडी

@कडूकिराईत, राग रास्त आहे. नाडी मंद झाली की औषधं, थायरॉइड आणि पोटॅशियम आधी बघायचंच असतं. थेंबांचा मुद्दा मांडलात ते फार बरं केलंत, पेशंट थेंबांना औषधात मोजतच नाहीत. पण असं कुठलंही कारण नसताना पूर्ण ब्लॉक असेल, माणूस पडत असेल, तर त्यावर गोळी नाही. विंडोसीट यांच्या केसमध्ये वाट बघणं म्हणजे पुढच्या पुलाची वाट बघणं.

आयुर्मित्र

अर्जुनसालीचा काढा सहा महिने घेतल्यास पेसमेकर काढताही येतो असे अनुभव आहेत. इच्छुकांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करावा.

नाना_पार्लेकर

आयुर्मित्रा, काढा मी पण घेतो, तोंडाला चव येते म्हणून. पण तुझ्या काढ्याने तुटलेली वायर जोडली जात असेल तर आधी आमच्या सोसायटीची लिफ्ट दुरुस्त करून दे.

आता विंडोसीट, तुझ्याकडे येतो. मी ७८. पहिली डबी २००९ ला, बॅटरी संपत आली म्हणून २०२० ला दुसरी. दुसरी वेळ म्हणजे गंमत. वायरी त्याच ठेवतात, जुना कप्पा उघडून डबी काढायची आणि नवीन जोडायची. भूल तेवढ्या जागेपुरती, डॉक्टर आणि नर्स मॅचचा स्कोअर बोलत होते ते मला ऐकू येत होतं. आणि ती अचानक बंद पडत नाही बरं का. तपासणीत कळतं, इतके महिने राहिलेत. निवृत्तीची तारीख असते तसं.

तुझ्या वेळी मला पण असंच व्हायचं. पार्ल्याच्या पुलावर उभा राहून वाटायचं, आता बंद पडली तर? मग एक दिवस हिशोब केला. आधी माझं हृदय काही न सांगता बंद पडत होतं. आता निदान एक यंत्र पहारा देतंय, त्याचं कार्ड खिशात आहे आणि त्याला वॉरंटी आहे. आईबापांनी दिलेल्याला नव्हती.

वजन म्हणशील तर अडीच तोळे. एवढं सोनं गळ्यात घालून बायका लोकलमधून जातात.

सदाफुली

नाना, हल्लीच्या भावात अडीच तोळे घालून कोणी लोकलमध्ये चढत नाही.

सर्किटबाबू

इलेक्ट्रॉनिक्समध्ये आयुष्य गेलं, स्वतःला नाही पण मोठ्या भावाला बसवलाय. काही गोष्टी.

पूर्णपणे शरीरात बसवलेला पहिला पेसमेकर १९५८ चा, स्वीडनमध्ये. रूने एल्मक्विस्ट हा इंजिनिअर आणि ओके सेनिंग हा सर्जन. पेशंट आर्ने लार्सन, वय ४३. सर्किट इपॉक्सीमध्ये ओतायला साचा हवा होता, तर त्यांनी बूटपॉलिशची डबी वापरली. आपल्याकडे लोक 'डबी' म्हणतात ते अगदीच चुकीचं नाही! ती पहिली काही तासांतच बंद पडली. मग दुसरी. मग तिसरी. आयुष्यभरात त्याला एकूण २६ लागल्या. गेला २००१ मध्ये, ८६ व्या वर्षी, तोही हृदयाने नव्हे, कॅन्सरने. ज्यांनी बनवली आणि ज्यांनी बसवली त्या दोघांनंतर गेला. विंडोसीट, तुम्ही पहिल्याच डबीत रडताय!

आता मुंबईपुरतं. मोबाईल डाव्या खिशात ठेवायची सवय सोडा, सहा इंच लांब आणि उजव्या कानाला. आयफोन १२ पासून पुढच्या बऱ्याच फोनच्या पाठीत चुंबकं आहेत, ते तर छातीशी नकोच. चुंबक जवळ आलं की पेसमेकर ठरलेल्या वेगाने ठोके देत राहतो, लांब नेलं की पूर्ववत. मेट्रोच्या किंवा सिद्धिविनायकाच्या दारातल्या चौकटीतून न थांबता सरळ चालत जायचं, हातातलं यंत्र छातीवर फिरवू द्यायचं नाही, कार्ड दाखवायचं. इंडक्शन शेगडीपासून दोन फूट. मिक्सर, टीव्ही, मायक्रोवेव्ह बिनधास्त. लोकलच्या वरच्या तारेला लोक घाबरतात. ती १५०० व्होल्ट डीसीवरून २५००० व्होल्ट एसी झाली, हार्बरचं काम २०१६ ला संपलं, आणि भाऊ तेव्हापासून त्याच तारेखालून पनवेलला जातोय.

अवांतर: वेग वाढवणारा सेन्सर चालू असलेल्या मशीनला हालचाल कळते. भाऊ रिक्षातून खड्ड्यांतून आला की नाडी ८५! मशीनला वाटतं हा पळतोय. उलट जिममधल्या सायकलवर धड हलत नाही म्हणून वाढत नाही.

कटिंग_प्लीज

रस्त्याच्या कामाचं कंत्राट देताना हाच निकष लावावा. खड्डा प्रति किलोमीटर नव्हे, ठोके प्रति किलोमीटर.

मुक्ता_२९

इथे सगळे काका-काकू, म्हणून लिहू की नको करत होते. मला २४ व्या वर्षी बसवला. जन्मतःच ब्लॉक होता, शाळेत पळायच्या शर्यतीत कायम शेवटची, सगळ्यांना वाटायचं आळशी आहे.

विंडोसीट काका, तुमचं 'विषय बदलतात' अगदी कळलं. माझ्याकडे विषय बदलायचे नाहीत, आवाज बदलायचा. आत्या माझ्याशी असं बोलायची जसं मी झोपलेय.

मग लग्नाचं. आई म्हणे, ठरल्यावर सांगू. मी म्हटलं, पहिल्या भेटीत सांगणार. पहिल्याच्या आईने विचारलं, मूल होईल ना? (होतं. माझ्या डॉक्टरांनी हसत हसत सांगितलं होतं.) त्यांचा फोन आला नाही. दुसऱ्याने दोन तास नेटवर वाचून मला माझ्याच आजाराची माहिती दिली. तिसऱ्याने दादरच्या हॉटेलात कॉफीचा घोट घेत विचारलं, चार्जिंग कसं करतेस? त्याच्याशी लग्न केलं.

सदाफुली काकू, तुमची साडीची घडी वाचून आईला दाखवली. पण व्रण मी लपवत नाही. रुंद गळ्याचे कुर्ते घालते. बघतात तर बघू देत.

सदाफुली

मुक्ता, तू २४ ची होतीस म्हणून घातलेस रुंद गळे. मी पंचावन्नची होते आणि मला बघू द्यायचं नव्हतं. दोन्ही चालतं ना बाळा?

मुक्ता_२९

चालतं काकू. शहाणपणा केला, सॉरी.

उंबरा

थोडं वेगळं. मला बसवल्यावर सहा-सात महिने काही गोडच लागेना. रिपोर्ट उत्तम, मी मात्र बाल्कनीत बसून समोरच्या इमारतीच्या टाक्या मोजायचो. शेवटी मुलीने समुपदेशकाकडे नेलं. आठ-दहा वेळा गेलो. तिथे मी पेसमेकरबद्दल फारसं बोललोच नाही, वडिलांबद्दल बोललो. ते ५६ व्या वर्षी झोपेत गेले होते, मी ५५ चा. विंडोसीट, झोप उडाली असेल तर हा पर्याय बघा.

नाना_पार्लेकर

आमच्या वेळी समुपदेशक म्हणजे पार्ल्याच्या कट्ट्यावरचे चौघं. फी एक कटिंग.

उंबरा

नाना, तुमच्या कट्ट्यावर रडलेलं चालतं का?

नाना_पार्लेकर

नाही चालत. मुद्दा तुझा.

बायकोची_बाजू

मी पेशंट नाही, पेशंटची बायको. विंडोसीट, तुम्ही लिहिलंत, पिशवी उचलली की ओरडा. त्या ओरडणाऱ्यांतली मी एक म्हणून लिहिते.

आमचे हे बाथरूममध्ये पडले. कडी आतून. मी आधी बादली पडली असं समजून आतल्या खोलीतूनच ओरडले, जरा हळू. मग उत्तर आलं नाही. शेजारच्या मुलाने दाराला लाथा घातल्या, तिसऱ्या लाथेला कडी निघाली. तेवढ्या वेळात मी काय केलं मला आठवत नाही. शेजारीण सांगते, मी नळ बंद करायला सांगत होते. पाणी वाया जातंय म्हणून.

चार वर्षं झाली. त्यांना विसर पडलाय, ट्रेकला जाऊन आले. आमच्याकडे बाथरूमला अजून कडी लावत नाहीत. ते अंघोळीला गेले की मी पॅसेजमध्ये काहीतरी काम काढते. पाण्याचा आवाज थांबला की हाक मारते. ते आतून मुद्दाम गाणं म्हणतात. बेसूर.

तुमच्या मिसेस तुमच्यावर ओरडत असतील तर त्यांना एकदा विचारा की त्या दिवशी फोन आला तेव्हा त्या काय करत होत्या.

सर्किटबाबू

बायकोची_बाजू, मघाशी एक सांगायचं राहिलं. लार्सनच्या बाबतीतही बायकोच होती. त्याचं हृदय दिवसातून कित्येकदा बंद पडायचं. अजून माणसात बसवायजोगं काही तयारच नाही, असं एल्मक्विस्ट आणि सेनिंग सांगत असताना तिने पिच्छा पुरवून त्यांना बनवायला लावलं.

कटिंग_प्लीज

वातावरण गंभीर झालंय म्हणून मूर्ख प्रश्न विचारतो. माणूस गेल्यावरही मशीन चालूच राहतं का? म्हणजे जाताच येत नाही असं तर नाही ना? आजी हेच विचारत होती, तिला बसवायचाय.

रिकामी_ओपीडी

मूर्ख अजिबात नाही, ओपीडीत सगळ्यात जास्त दबक्या आवाजात विचारला जाणारा हाच. मशीन संदेश देत राहतं, पण गेलेला स्नायू त्याला उत्तर देत नाही. आजीला सांग, जायच्या वेळी ते अडवणार नाही. तसंच पेसमेकर हार्ट अ‍ॅटॅक टाळत नाही आणि बीपीची गोळीही बंद होत नाही. शॉक देणारं मशीन वेगळं, हे फक्त ठोके सांभाळतं.

आजीच्या खर्चाचा प्रश्न असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं का ते हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला विचार.

नाना_पार्लेकर

आता निघालंच आहे तर. अग्नी देण्याआधी डबी काढावी लागते, बॅटरी फुटते. लाकडं असोत की विद्युतदाहिनी. माझ्या कपाटाच्या दाराला आतून चिठ्ठी चिकटवलीय: नानाची डबी आधी काढा. सून म्हणते, काढा ती. मी म्हणतो, तू वाचलीस ना? मग काम झालं.

सर्किटबाबू

नाना, काढलेल्या डबीचंही पुढे काही होऊ शकतं. वांद्र्याच्या होली फॅमिली हॉस्पिटलमध्ये अमेरिकेतून आलेले, मृतांच्या शरीरातून काढलेले पेसमेकर निर्जंतुक करून ५३ गरजू पेशंटना बसवले होते. बॅटरी शिल्लक असलेलेच निवडायचे. त्याचा अभ्यास २०१२ च्या आसपास छापूनही आला.

नाना_पार्लेकर

म्हणजे माझी अमेरिकेला पाठवता येईल का? पोराने मला अजून नेलं नाही, निदान डबी जाईल.

विंडोसीट (बऱ्याच दिवसांनी)

मंडळी, उशिराबद्दल क्षमस्व. सगळं वाचत होतो.

तपासणी झाली. गळ्यात लोलकासारखं काहीतरी अडकवलं, लॅपटॉपएवढं मशीन समोर, कंपनीचा तरुण मुलगा बटणं दाबतोय. म्हणाला, आता थोडं जोरात वाटेल हं. आणि खुर्चीत बसल्या बसल्या माझं हृदय पळायला लागलं. मी कुठेही गेलो नव्हतो, ते मात्र ८.१४ पकडायला निघालेलं. मग म्हणाला, आता थोडं हळू. मे महिन्यातली ती पुलावरची जाणीव अर्धा क्षण आली, कानात घुंई झालं आणि त्याने लगेच परत आणलं. घाम फुटला. पण खरं सांगू का, बरं वाटलं. इतके दिवस जे काय आहे ते आत होतं. त्या दिवशी पडद्यावर वरची रेघ आणि खालची रेघ वेगवेगळी दिसली. वरचीवर बोट ठेवून तो म्हणाला, ही तुमची. रात्रीची पातळीही त्यांनी बघून ५० केली.

बायकोला विचारलं. ती फोन आला तेव्हा कैरीचं लोणचं घालत होती. दादरला पोचेपर्यंत हाताला मोहरी आणि तेल तसंच, टॅक्सीवाल्याच्या दाराला लागलं. बरणी तशीच उघडी राहिली, लोणचं टाकून द्यावं लागलं. हे मला चार महिन्यांत कळलं नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

गणपतीत मूर्ती दरवर्षी मी आणतो. यंदा डॉक्टरांची हरकत नव्हती, पण घरात मतदान झालं आणि मी हरलो. माझी टोपी घालून मुलीने आणली, मी मागून झांजा वाजवत. टोपी तिला मोठी होत होती, भुवयांवर आलेली. विसर्जनाला मात्र मीच धरली, कोणाला विचारलं नाही.

सदाफुली

मोरया. लोणचं पुढच्या वर्षी दुप्पट घालायला सांगा.

मुक्ता_२९

काका, ते सगळं ठीक. मूळ प्रश्नाचं काय? विसर पडला का?

विंडोसीट

परवाची गोष्ट. टीव्हीचा रिमोट उघडला तर आतले सेल ओळखीचे वाटले, निळ्या पट्टीचे. बायकोला विचारलं, हे कुठले? म्हणाली, तुमच्या ऑक्सिमीटरचे. गौरींच्या आधीच काढलेत मी.

म्हणजे दोन आठवडे झाले होते.

नाना_पार्लेकर

आणि रिमोट कोणाकडे?

विंडोसीट

तिच्याकडेच.